एवढ्याशा ओढ्यावरच्या पुलाला दोन वर्षं का लागतात?

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. ऊसतोडीच्या टोळ्या कोयते, चूल, लेकरंबाळं घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्याकडे निघतात आणि त्याच रस्त्यावर कुठेतरी 'पुलाचे काम चालू आहे, रस्ता बंद' अशी पाटी लागते. गावाला रस्ता सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो बंद होतो. घाट उतरून पाच मिनिटांत गाठायचा फाटा वीस किलोमीटरच्या फेऱ्यावर जातो. एसटी गावात येणं बंद करते, शाळेची पोरं चालत निघतात, दुधाची गाडी उशिरा पोचते. मग हॉटेलच्या बाकड्यावर एकच विषय असतो: ओढा तो केवढा, आणि त्याच्यावर पूल बांधायला दोन वर्षं?

स्थापत्यची पदविका करून मी बरीच वर्षं पुलांच्या कामावर घालवली आहेत. हा प्रश्न मला सोयऱ्यांच्या लग्नातसुद्धा विचारला जातो. उत्तरात गुत्तेदाराची दिरंगाई आहे, कागदांची रखड आहे, पैशांची अडचण आहे. पण या सगळ्याच्या आधी पाऊस आहे. तो समजला की बाकीचं आपोआप उलगडतं.

शेतीसारखाच पुलालाही हंगाम असतो, आणि तो एकच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो. परतीचा पाऊस सप्टेंबर सरला तरी हटत नाही. 2025 च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, जालन्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे ओढ्याच्या पात्रात उतरून काम करायला ऑक्टोबरचा मध्य ते मे अखेर, असे साडेसात महिने मिळतात. त्यातही दिवाळीपर्यंत पात्रात पाणी वाहतं असतं, त्यामुळे पाया खोदायला खरा जोर येतो तो डिसेंबरात. राहिलेल्या सहा महिन्यांत पाया, खांब, त्यावरचे गर्डर म्हणजे आडव्या तुळया आणि स्लॅब हे सगळं उरकायचं. मृगाच्या आत खांब पुराच्या पातळीच्या वर आले असतील तर वरचं काम पावसाळ्यातही थोडंफार रेटता येतं. खांब वर आले नसतील तर खड्ड्यात पाणी, पाण्यात गाळ आणि गाळात अडकलेलं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा. दिवाळीनंतर पहिला महिना तो गाळ उपसण्यातच जातो.

म्हणून पुलाच्या कामात दोन महिन्यांचा उशीर दोन महिन्यांवर थांबत नाही, त्याचं एक वर्ष होतं. पेरणीचा वाफसा चुकला की पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते, तसंच. कार्यारंभ आदेश ऑक्टोबरात निघाला तर एका हंगामात छोटा पूल होऊ शकतो. तोच आदेश मार्चअखेरच्या घाईत निघाला तर हातात दोन महिने उरतात आणि तो पूल दोन पावसाळे खाणार हे त्याच दिवशी ठरलेलं असतं.

इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सांगतो. जुना पूल पाडणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात सोपं काम. पोकलेनला ब्रेकर लावला की दोन-तीन दिवसांत पूल जमीनदोस्त होतो. काम सुरू झालं असं दाखवायला ते फार सोयीचं पडतं. पण नव्या पुलाचे नकाशे मंजूर नाहीत, सळई आलेली नाही, खडी-वाळूचे ढीग पडलेले नाहीत आणि जुना पूल मात्र पाडून टाकलाय, हे मी एकदा नाही, तीन ठिकाणी पाहिलंय. हा गावावर सरळ अन्याय आहे. वळणरस्ता पक्का झाल्याशिवाय आणि साहित्य साइटवर आल्याशिवाय जुन्या पुलाला हात लावू देऊ नये. गावानं अडून बसायचंच असेल तर या एका मुद्द्यावर बसावं.

सावित्रीचं उदाहरण लोक हमखास देतात. महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. मग आपला का होत नाही? तारीख नीट बघा: 5 जून. पुढचा पाऊस यायच्या आत. अख्खं काम एका कोरड्या हंगामात बसवलं होतं. दुसरं, तिथे शेजारी दुसरा पूल उभा होता, त्यामुळे वाहतुकीला तो रस्ता मिळाला आणि जुन्या जागी मोकळेपणी काम करता आलं. तिसरं, सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं, त्यामुळे पैसा आणि मंजुऱ्या अडल्या नाहीत. आपल्या ओढ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण पहिली गोष्ट, म्हणजे हंगाम साधणं, ती आपल्याकडेही होऊ शकते. त्याला मोठा पैसा लागत नाही, वेळेवर सही लागते.

खड्ड्यात काय दिसतं

पाया किती खोल जाणार हे कागदावर आधी लिहिलेलं असतं, पण शेवटचा शब्द खडकाचा. ज्यानं विहीर खोदलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. वर गाळ आणि वाळू, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, मग काळा पाषाण. आपला जवळजवळ सगळा मराठवाडा ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. ती माती सुकी असताना घट्ट वाटते, पण पाणी लागलं की लोण्यासारखी होते. पाया तिच्यावर टेकवला तर पुढे पश्चात्तापच.

एक जुना मिस्त्री होता आमच्याकडे. खड्डा खोदून झाला की तो शिडीनं खाली उतरायचा, चप्पल काढायचा आणि घण घेऊन चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे घाव घालायचा. टणकन आवाज आला आणि घण उसळून वर आला की मान हलवायचा. 'बद्द' असा आवाज आला की काही न बोलता वर यायचा, आणि आम्हाला कळायचं की अजून खोल जायचंय. कठीण खडक लागला तर पाया त्यात किमान 0.6 मीटर रुतवायचा आणि मऊ खडक असेल तर किमान 1.5 मीटर, असा नियम आहे. कारण पुराचं पाणी खांबाला धडकून दोन्ही बाजूंनी वळतं आणि खांबाच्या बुडाशी भोवरे करतं. त्या भोवऱ्यांनी बुडाची माती खरवडून निघते. पूल वरून पडत नाही, तो खालून पोखरला जातो. पाणी उतरल्यावर वरून ठणठणीत दिसणारा पूल वाहतुकीला बंद ठेवतात तो यासाठीच. खाली उतरून बघितल्याशिवाय कुणी जबाबदार माणूस त्याच्यावरून बस सोडणार नाही.

कामं अडकतात ती बऱ्याचदा इथेच. आधी बोअर घेऊन खडक कुठे आहे ते बघायचं असतं. ते कमी ठिकाणी घेतलं, आणि खोदल्यावर खडक दोन मीटर जास्त खाली निघाला, की नकाशा बदलतो. बदललेला नकाशा वरच्या कार्यालयात जातो, खर्च वाढतो म्हणून त्याची वेगळी मंजुरी लागते, आणि तोवर खड्डा उघडा पडलेला असतो. गावाला दिसतं ते एवढंच की कामावर माणूस नाही.

वळणरस्ता पहिल्याच पावसात का जातो

पुलाच्या शेजारून ओढ्यात मुरमाचा भराव टाकतात, खाली सिमेंटची नळकांडी ठेवतात. हा वळणरस्ता. तो वाहून गेला की 'निकृष्ट काम' अशी ओरड होते. कधी ती खरी असते. पण जरा हिशेब करून बघा.

एक चौरस किलोमीटर डोंगर धरा. त्याच्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर ते पाच कोटी लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे पाच हजार टँकर. निम्मं पाणी मुरलं किंवा अडलं असं धरलं तरी अडीच हजार टँकर तासाभरात ओढ्यानं जाणार, म्हणजे सेकंदाला साधारण सात हजार लिटर. आता नळकांडी मोजा. एक मीटर व्यासाची चार नळकांडी तुडुंब भरून सेकंदाला दोन मीटर वेगानं वाहिली, तरी चारही मिळून सेकंदाला सव्वासहा हजार लिटरच नेतात. म्हणजे एका चौरस किलोमीटरचं पाणीसुद्धा त्यांना झेपत नाही, आणि आपल्या डोंगरातल्या साध्या ओढ्याला दहा-पंधरा चौरस किलोमीटरचं पाणलोट सहज असतं. त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचे काटे येऊन नळकांड्यांच्या तोंडाशी अडकतात. पाणी तुंबतं, भरावावरून जायला लागतं, आणि मुरूम अर्ध्या तासात पसार होतो.

म्हणून वळणरस्त्याला कोरड्या दिवसांची सोय समजावं. त्याच्या भरवशावर पावसाळा काढायचा असेल तर तो तसा बांधावा लागतो: जास्त नळकांडी, दोन्ही बाजूंना दगडाची पिचिंग म्हणजे उतारावर रचलेले दगड, आणि मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवून त्यावर काँक्रीट, म्हणजे पाणी वरून गेलं तरी रस्ता जागेवर राहतो. आपल्याकडचे जुने फरशी पूल याच विचारानं बांधलेले आहेत. त्याला खर्च येतो आणि अंदाजपत्रकात तो धरलेला नसेल तर गुत्तेदार करणार नाही. पूल दोन पावसाळे घेणार हे दिसत असेल तर हा खर्च आधीच धरायला लावणं हे गावाचं मोठं काम आहे.

अठ्ठावीस दिवस

स्लॅब टाकला त्या रात्री गावात आनंद असतो. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारतात, आता गाड्या का सोडत नाहीत? काँक्रीट वाळतं असं आपण म्हणतो, पण ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते आणि ठरलेली पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात. तोवर खालचे टेकू काढायची आणि वरून ट्रक न्यायची घाई केली तर पूल जन्मापासूनच अधू राहतो. पहिले दोन आठवडे तर त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवतात, खांबांना बारदान गुंडाळून ते भिजवत राहतात.

आता हे मराठवाड्यात मे महिन्यात करून बघा. एका साइटवर दोन दिवस टँकर आला नाही. दुपारी मी खांबाचं बारदान उचललं तर ते पापडासारखं कडक झालेलं, आणि खालच्या काँक्रीटवर केसासारख्या बारीक भेगा. धावपळ करून टँकर आणला. तो गावातून येत असताना हंड्यांच्या रांगेतल्या एका मावशींनी मला थांबवलं. "दादा, आमच्या घागरीला पाणी न्हाई अन् तुमच्या पुलाला दोन-दोन टँकर?" मला उत्तर देता आलं नाही. त्या बरोबर होत्या. पाण्याची सोय डिसेंबरातच व्हायला हवी होती. साइटजवळ टाकी बांधायची, एखाद्या शेततळ्याचं पाणी पैसे देऊन राखून ठेवायचं. पिण्याच्या टँकरवर पूल भिजवायची वेळ येते तेव्हा कामाचं नियोजन मुळातच चुकलेलं असतं.

स्लॅबनंतरही एक काम राहतं आणि त्याला कुणी मोजत नाही: दोन्ही बाजूंचा जोडरस्ता. पुलाच्या तोंडाशी गाडीला जो धक्का बसतो तो या कामातल्या घाईचा. पूल खडकावर उभा असतो, तो खचत नाही. शेजारचा भराव मात्र बसत जातो. तो थराथरानं पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा लागतो आणि त्यात काळी माती चालत नाही, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोडरस्त्याची जमीन एखाद्या शेतकऱ्याची असेल आणि मोबदला मिटलेला नसेल, तर पूल उभा आणि दोन्ही टोकं हवेत, असं चित्र वर्षभर राहतं. त्या शेतकऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. मोबदला आधी मिटवायचा असतो.

जुन्या पुलांबद्दल थोडं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेव्हाचे दगडी कमानीचे, चुन्यातले पूल अजून कुठे कुठे उभे आहेत. 'तो शंभर वर्षं टिकला, नवा कशाला?' असं वडीलधारे म्हणतात. बांधणी खरंच देखणी आहे. पण बैलगाड्या आणि तुरळक मोटारींसाठी बांधलेल्या त्या अरुंद पुलावरून आज उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. नवा पूल 100 टनांच्या चाकांच्या वाहनाचा भार धरून आखतात. शक्य असेल तिथे नवा पूल शेजारी बांधावा आणि जुना पायी-सायकलसाठी राखावा. त्यानं वळणरस्त्याचा प्रश्नही मिटतो.

घाट बंद होतो तेव्हा

पूल नसतानाही डोंगरातला रस्ता बंद पडतो, दरडीनं. रस्ता करायला डोंगराचा पाय कापलेला असतो. वरून मुरलेलं पाणी त्या तांबड्या पट्ट्यावर येऊन थांबतं, पट्टा निसरडा होतो आणि वरचा थर खाली येतो. कन्नडच्या औट्रम घाटात 2021 च्या ऑगस्टअखेर एका रात्रीत अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या आणि धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ठप्प झाला. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं त्या घाटातून अवजड वाहतूक बंद झाली. दरड उचलायला जेसीबीला एक-दोन दिवस लागतात. त्यानंतर रस्ता लगेच खुला होत नाही, कारण वरचा डोंगर अजून पाणी धरून असतो. घाटात संरक्षक भिंतीला ओळीनं भोकं ठेवलेली दिसतात ना, ती डोंगराच्या पोटातलं पाणी बाहेर काढायची वाट आहे. ती भोकं आणि डोंगराकडेची नाली मे महिन्यात साफ केली तर निम्मी भीती कमी होते. आपल्या घाटातली भोकं बुजलेली दिसली तर फोटो काढून बांधकाम विभागाला पाठवा. पावसाआधी पाठवा.

रस्ता बंद करायचा अधिकार कुणाचा, हेही माहीत असू द्या. गुत्तेदारानं दगड लावून रस्ता अडवला म्हणजे तो बंद झाला असं होत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली रीतसर आदेश काढावा लागतो, आणि तो शक्यतो जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांच्या सहीचा असतो. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण गावात माहिती द्यावीच लागते. आदेशात पर्यायी मार्ग कोणता, कोणत्या वाहनांना बंदी, कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. त्याची प्रत ग्रामपंचायतीत लावायला सांगा. पर्यायी मार्गावरून अवजड गाड्या जाणार असतील तर तिथल्या गावाचा रस्ता आणि मोऱ्या त्या ओझ्यानं मोडतात, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीचंही त्याच वेळी विचारा. कामाच्या जागी फलक हवा: कामाचं नाव, रक्कम, सुरुवात, मुदत, गुत्तेदार, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे किती वर्षं दुरुस्ती गुत्तेदाराच्या खर्चानं होणार. फलक नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दिवाळीला अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत हंगाम हातात असतो.

आणि दवाखान्याचं. रस्ता बंद असताना मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. जून ते सप्टेंबरात ज्यांची बाळंतपणं आहेत त्यांची यादी आशाताईंकडे असते. त्या बायकांना शेवटच्या पंधरवड्यात ओढ्याच्या पलीकडे, दवाखान्याच्या बाजूला नातेवाइकांकडे ठेवावं. डायलिसिसला जाणाऱ्यांचंही तसंच. 108 ची रुग्णवाहिका कोणत्या बाजूनं येणार, कुठपर्यंत येणार, हे चालकाशी आधी बोलून ठेवावं. वाहत्या पाण्यात दोन फूट पाणी जीप उचलायला पुरतं, मग ती कितीही जड वाटो. आणि पाण्याखाली भराव आहे की वाहून गेलाय ते वरून कुणालाही दिसत नाही.

आमच्या ओढ्यावरच्या वळणरस्त्याच्या दोन्ही टोकांना आम्ही एकेक लोखंडी पाइप रोवलाय. त्यावर फुटाफुटावर लाल रंगाचे पट्टे मारलेत. शेजारच्या शेतातल्या आजोबांकडे जाड दोर आणि शिट्टी दिलीय. पाणी पहिल्या पट्ट्याला लागलं की ते दोर आडवा बांधतात, आणि मग सरपंच असो की एसटी, थांबतात.